डोळ्यानं सांग

डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से साठतात, त्याला आमचे थेंब कारण आहेत. तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यात थेंब टाकायचे आणि त्याला बाकावर बसवायचं, ही आमची पद्धत. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो. तोवर त्याला धड दिसत नाही, मोबाइल बघता येत नाही, शेजारी कोण बसलंय तेही कळत नाही. मग माणूस करणार काय? बोलतो! एसटीत माणूस शेजाऱ्याचं तोंड बघून बोलतो. आमच्या बाकावर तोंडच दिसत नसल्यामुळे जो तो बेधडक बोलतो.

मी कळमनुरीच्या एका धर्मादाय नेत्रालयात चष्म्याचे नंबर काढतो. आमचं बिऱ्हाड लहान. ऑपरेशन करणाऱ्या मॅडम, कदम सिस्टर, जीप चालवणारे रऊफभाई आणि मी. मॅडमचं एक ठरलेलं वाक्य आहे, "डोळा नुसता उजेड आत घेतो. बघतो तो मेंदू." सुरुवातीला मला हे वाक्य पुस्तकी वाटायचं. मी मनात म्हणायचो, मग आमच्याकडे कशाला येतात लोक?

लालीबाई आल्या आणि मी असं म्हणायचं सोडून दिलं.

लालीबाई इथून जवळच्याच एका तांड्यावरच्या. वय पस्तिशीचं. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड कळायचा, भडक रंग थोडे कळायचे, पण वस्तूचा आकार कधी दिसलाच नव्हता. भाकरी, पाणी, शेळ्या, सगळं हाताच्या आणि कानाच्या अंदाजाने चालायचं. लहानपणी कोणी दवाखाना दाखवला नाही, आता दीराने आणलं. मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "डोळा मोकळा करून देईन. पण इतक्या वर्षांनी मेंदू बघायला शिकेल का, किती शिकेल, ते मी सांगू शकत नाही."

लालीबाई म्हणाल्या, "मला बाकी काई बघायचं न्हाई मॅडम. माझ्या पूजाचं तोंड बघायचं हाय."

पूजा म्हणजे त्यांची तिसरीतली मुलगी. हे किस्से त्या वर्षातले आहेत. त्या वर्षी दवाखान्यात कोणी काहीही करत असो, सगळ्यांचं एक लक्ष लालीबाईंकडे असायचं.

*

आधी सेनगावकडच्या एका बाबांचं सांगतो.

अक्षरं न येणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळा तक्ता असतो. त्यावर एकच खूण, तीन दात्यांची, कुठे उजवीकडे तोंड केलेली, कुठे डावीकडे, कुठे वर, कुठे खाली. दाते कोणीकडे आहेत तेवढं सांगायचं.

बाबा खुर्चीत बसले, तक्ता बघितला आणि म्हणाले, "ही तं तिफण हाय."

पेरणीच्या तिफणीलाही तीनच फण. मी म्हटलं, "हो बाबा, तिफण समजा. तोंड कोणीकडं?"

बाबांनी खोलीभर मान फिरवली.

"दिसत नाही का?"

"दिसून राहिलं की. पर उगवती कोणीकडं हाय?"

मी म्हटलं, उगवतीचं राहू द्या, उजवीकडं का डावीकडं तेवढं सांगा. बाबांना ते पटलं नाही. "उजवं-डावं माणसाचं असतंय. मी फिरलो की ते फिरतंय. तिफणीला उगवती-मावळतीच पायजे."

खोली बंद, खिडकीला काळा पडदा. मी बाहेर आलो तर सूर्य डोक्यावर. सिस्टरनी एक दिशा दाखवली, मेडिकलवाल्याने दुसरी. शेवटी रऊफभाई नमाजाला तोंड करतात ती भिंत पश्चिमेची, असं ठरलं. मग बाबांनी उगवती, मावळती, वर, खाली करत वरपासून धडाधड सांगितलं. फक्त शेवटच्या ओळीला थांबले.

"ही दिसत नाही ना?" मी विचारलं.

"दिसती. पर एवढी बारकी तिफण काहून केली? हिनं पेरायचं काय?"

*

लालीबाईंची पट्टी काढायची होती, त्या दिवशी तांड्यावरून जीप भरून माणसं आली. पूजाला नवा फ्रॉक होता आणि तोंडाला भरपूर पावडर. "तुझी याडी आज तुला बघणार," असं तिला वाटेत प्रत्येकाने सांगितलेलं. याडी म्हणजे आई.

मॅडमनी पट्टी काढली, चष्मा चढवला. पूजाला अगदी समोर उभं केलं. लालीबाईंनी पूजाकडे बघितलं, मग तिच्या शेजारच्या सलाईनच्या स्टँडकडे बघितलं, मग खिडकीकडे. तिन्हीकडे सारखंच.

"काय दिसतं?" मॅडमनी विचारलं.

"लई दिसतंय," लालीबाई म्हणाल्या. "पर काय हाय ते कळंना."

पूजा म्हणाली, "याडी, मी." आवाज आला त्या बाजूला लालीबाईंनी हात नेले, तिच्या गालावरून, कानावरून, वेणीवरून फिरवले आणि त्यांचा चेहरा खुलला. पण हे सगळं होत असताना त्यांनी डोळे मिटून घेतलेले होते.

ते पूजाने बघितलं. ती मागे सरकली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मला फार वाईट वाटलं. सिस्टर समजूत काढायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "आता मी तिच्यासमोर बोलणार न्हाई. हात बी लावू देणार न्हाई. तिनं डोळ्यानं सांगावं."

सिस्टरना वाटलं, लेकरू आहे, उद्या विसरेल. लेकरू विसरलं नाही. घरी ती आईशी बोलायची, पण फक्त पाठीमागून. समोर आली की तोंड बंद.

*

जवळच्या एका खेड्यातले गोविंदराव मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या तपासणीला आले, ते चिडलेले होते. मॅडम घाबरल्या. दिसत नाही का, दुखतंय का, पाणी येतं का, सगळं विचारून झालं. काही नाही.

झालं होतं असं. त्यांच्या बांधापलीकडच्या शेतात एक माणूस उभा असायचा. गोविंदराव येता-जाता त्याला रामराम घालायचे. तो कधी उत्तर देत नसे. शेजाऱ्याने सालगडी ठेवलाय आणि तो माजोरी आहे, असं यांनी ठरवून टाकलं. पुढे रामराम बंद केला. नंतर शेजाऱ्याशीही बोलणं सोडलं, कारण त्याने असला उर्मट माणूस ठेवला. ऑपरेशननंतर बांधावर गेले तर ते बुजगावणं! डोक्याला मडकं, अंगात शेजाऱ्याचाच जुना सदरा.

मॅडमनी त्यांना नीट समजावलं. अंधुक दिसतं तेव्हा मेंदू उरलेलं चित्र स्वतःच भरून काढतो. उभं काही दिसलं की त्याचा माणूस करतो. सगळ्यांचंच होतं, जनावरांचंही होतं, म्हणून तर रोहींना, म्हणजे नीलगाईंना, भिववायला बुजगावणी उभी करतात.

"जनावरांचं नका सांगू मॅडम," गोविंदराव म्हणाले. "रोही पहिल्या आठवड्यातच वळखून त्याच्या पायाशी हरभरा खाऊन गेले. मी दोन वर्सं रुसून बसलो."

*

भिवाजी नावाचे एक मेंढपाळ वॉर्डात होते. ते मॅडमना सिस्टर म्हणायचे, सिस्टरना मॅडम आणि मला दोन्ही. ऑपरेशन उत्तम झालेलं, तरीही तेच. सिस्टरना संशय आला की नजरेत काही खोट राहिली.

एका सकाळी रस्त्याने मेंढ्यांचा कळप गेला. भिवाजींचा भाऊ घेऊन चालला होता. भिवाजी खिडकीतून ओरडले, "अरे, ती टिकली मागं राहून राहिली, बघ जरा तिच्याकडं!" भाऊ मागे वळला. खरंच एक मेंढी मागे पडली होती. आम्हाला ती बाकीच्यांसारखीच मेंढी दिसत होती.

सिस्टरना हे लागलं. म्हणाल्या, "काय हो, एवढ्या सारख्या मेंढ्या, त्यातली एक ओळखता कशी?"

"तोंडावरून."

"मेंढ्यांची तोंडं ओळखू येतात, मग आमची का नाही?"

भिवाजी ओशाळले. म्हणाले, "तुमाला कुठं रोज चारायला न्येतो?"

मॅडम हसल्या नाहीत. त्या सरळ लालीबाईंच्या दीराला फोन करायला गेल्या. "रोज बघितल्याशिवाय मेंदू शिकणार नाही. चष्मा काढायचा नाही म्हणावं. दिवसभर डोळ्यांवर पाहिजे." आणि फोन ठेवून आम्हाला म्हणाल्या, "मेंढ्यासुद्धा माणसांची तोंडं लक्षात ठेवतात बरं का."

हे भिवाजींनी ऐकलं. "मंग? चारणारा कोण अन् कापणारा कोण, ते त्यांना कळाया नको?"

*

फोन कशासाठी करावा लागला, तेही सांगायला हवं. लालीबाईंना दिसण्याची तकलीफ होऊ लागली होती. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच होतं. डोळे मिटून त्या अंगणातून झपाझप चालायच्या, उघडे ठेवले की ठेचकाळायच्या. समोरून माणूस आला तर तो जवळ येतोय का नुसता मोठा होतोय, ते त्यांना उमगत नसे. म्हणून चष्मा डोळ्यांपेक्षा कमरेला जास्त असायचा.

एकदा तपासणीसाठी रऊफभाई त्यांना आणि पूजाला जीपने आणत होते. वाटेत वारंगा फाट्याचं एक काम होतं, म्हणून तिथे थांबले. रस्त्यावर नुकतेच पांढरे पट्टे मारलेले. एका बाईच्या शेळ्या त्या पट्ट्यांपाशी येऊन थबकल्या. नाल्यावरून मारावी तशी एकेकीने पट्ट्यावरून उडी मारली. ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले.

लालीबाई चहा प्यायला उतरल्या. विजेच्या खांबाची सावली आडवी पडली होती. त्या थांबल्या, लुगडं सावरलं आणि पाय उंच उचलून सावली ओलांडली.

रऊफभाईंच्या तोंडून निघून गेलं, "बकऱ्यांनी बी बराबर असंच केलं!" आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

पण लालीबाई हसल्या. "त्यांचं बी नवीन ऑपरेशन झालं काय?"

पूजाला हसू आलं होतं. आईसमोर आवाज फुटू नये म्हणून तिने फ्रॉक तोंडात कोंबला, असं रऊफभाईंनी आम्हाला नंतर सांगितलं.

*

मारोतराव नावाचे शेतकरी ऑपरेशन करून काळा चष्मा घालून घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर झाले. तक्रार त्यांची नव्हती, बैलाची होती.

गोठ्यात पाऊल टाकलं की बैल शिंगं रोखायचा. वासराचा होता तेव्हापासून यांच्या हातचं खाल्लेलं जनावर. मारोतरावांनी पागोटं बदलून बघितलं, लांबून नावाने हाका मारल्या. हाक ऐकली की बैल कान टवकारायचा, मान वळवायचा आणि ते काळे डोळे दिसले की पुन्हा शिंगं खाली. आवाज मालकाचा, तोंड भलत्याचं. त्याचा हिशोब जुळेना.

"चष्मा काढू का?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "धूळ गेली तर डोळा जाईल. गोठ्यात महिनाभर दुसऱ्या कोणाला पाठवा."

"बायकोला पाठवलं होतं. तिला काई करत न्हाई."

"मग झालं की!"

"काय झालं मॅडम? ती वैरण टाकून आली अन् म्हणून राहिली, जनावराला कळलं, मला इतक्या वर्सांत कळलं न्हाई."

*

त्यानंतरच्या तपासणीला लालीबाई आल्या, ती वेळ वाईट होती. बाकावर पूजा बसली होती आणि तिच्या शेजारी कदम सिस्टर एका पेशंटला थेंब घालत होत्या. लालीबाई दारातून आल्या, चष्म्यातून नीट बघितलं आणि सिस्टरपाशी जाऊन म्हणाल्या, "चल पूजा, मॅडमनी बोलवलं."

सिस्टर चांगल्या धिप्पाड आहेत. बाकावरच्या दोघा-तिघांना हसू आवरलं नाही. पूजा उठली आणि बाहेर गेली.

काय झालं ते लालीबाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी चष्मा काढला, पदरात गुंडाळला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. "हे घ्या वापस. आधी माझं लेकरू माझ्याजवळ तं येत होतं. आंधळी होते तवा कधी चुकले न्हाई मी."

मॅडमनी इतकी ऑपरेशनं केली आहेत, पण दृष्टी परत करायला आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. शेवटी सिस्टरनीच चष्मा उचलून पुसला आणि लालीबाईंच्या नाकावर ठेवला. "मी रागावले का? मला तर कितीतरी वर्षांनी कोणी पोरगी म्हटलं. पुढच्या महिन्यात या. तोवर काढायचा नाही."

*

पुढच्या महिन्यात त्या आल्या. तोवर त्यांची नजर मॅडमच बोटं दाखवून तपासायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "आज तक्त्यावर बघू या."

नंबर काढायची आमची खोली लहान आहे. म्हणून तक्ता पेशंटच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलाय आणि समोर मोठा आरसा. आरशात बघून वाचलं की लांबून वाचल्यासारखं होतं. लालीबाईंना मी खुर्चीत बसवलं आणि हातात लाकडाची तीन दात्यांची खूण दिली. तक्त्यावरची खूण जशी दिसेल तशी हातातली फिरवायची. हात त्यांचे पक्के होते, तेव्हा हे बरं जमेल असं वाटलं.

जमलंही. मोठी खूण त्यांनी बरोबर फिरवली. दुसरी जरा वेळ लावून, पण बरोबर. सिस्टर दारात उभ्या होत्या. पूजा मागच्या भिंतीला टेकून होती, दवाखान्यात असायची तशी मुकाट. तिला कंटाळा आला असावा. ती एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाने पोटरी खाजवायला लागली, मग भिंतीला धरून, पाय न वाजवता तक्त्यापर्यंत सरकली आणि तिथे पुन्हा एका पायावर डुलत राहिली.

लालीबाईंचा हात थांबला.

मी म्हटलं, "तिसरी सांगा. दिसत नाही का?"

"कशी दिसंल?" लालीबाई करवादल्या. "पूजा, हल तिकडून. डोक्यानं तक्ता झाकून राहिली."

पूजा हलली नाही. तिचा पाय वरच राहिला. मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी तोंडावर हात धरला होता. पूजाने आवाज केला नव्हता आणि ती आईच्या हातापासून चांगली लांब होती.

"याडी," पूजा म्हणाली, "तू डोळ्यानं सांगितलं?"

"मंग? एका पायावर अशी डुलत दुसरं कोण उभं राहतंय? घरात मी तुझा एकच पाय वाजताना ऐकतेय की रोज."

असं म्हणून झाल्यावर मग त्यांना कळलं की आपण काय केलं. त्यांच्या हातातली लाकडी खूण खाली पडली. पूजा धावत आली आणि चांगली मोठी पोरगी असून लहान लेकरासारखी आईच्या मांडीवर चढून बसली, गळ्यात हात टाकून. सिस्टर रडायला लागल्या. मी सुद्धा डोळे पुसले, कबूल करायला लाज कसली!

लालीबाई रडल्या नाहीत. त्यांनी पूजाला घट्ट धरलं होतं आणि त्या समोर आरशात बघत होत्या. डोळे या वेळी उघडे होते. किती तरी वेळ त्या तशाच बघत राहिल्या. मग सिस्टरकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, "सिस्टर, पूजा वळखू आली मला. पर ती जिच्या मांडीवर बसली, ती बाई कोण हाय?"